बसच्या मागच्या बाकावरून

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, एक गोष्ट तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात, एखाद्या पाहुण्याच्या भाषणात किंवा कॅलेंडरच्या पाठीमागच्या मजकुरात नक्की ऐकली-वाचली असेल. एका मुलीला लहानपणी पोलिओ झाला. डॉक्टर म्हणाले, ही पुन्हा नीट चालेल असं वाटत नाही. मुलीनं जिद्द धरली आणि ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदकं जिंकली. टाळ्या.

गोष्ट खोटी नाही. मुलीचं नाव विल्मा रुडॉल्फ. गाव अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं क्लार्क्सव्हिल. पदकं मिळाली ती १९६० साली रोममध्ये. पण सांगणारे तिला एकदा रोमच्या मैदानावर पोहोचवतात आणि तिथंच सोडून देतात. तिथवर ती कशी पोहोचली आणि पदकं गळ्यात घालून घरी परतल्यावर तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, हे राहूनच जातं. मला आज तेच सांगायचं आहे. धावपटू म्हणून तिची मोठ्या मैदानावरची कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची, १९५६ ते १९६२. त्या सहा वर्षांच्या एका टोकाला एक बस आहे आणि दुसऱ्या टोकाला एक मिरवणूक.

२३ जून १९४० रोजी क्लार्क्सव्हिलजवळच्या सेंट बेथलेहेम या वस्तीत विल्मा जन्मली. दिवस भरण्याआधीच. वजन साडेचार पौंड, म्हणजे कसंबसं दोन किलो. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत पोर्टर होते, शिवाय मिळेल ते काम करायचे. आई ब्लांश गोऱ्या लोकांच्या घरी घरकाम करायची. एड यांची दोन लग्नं झालेली, दोन्ही मिळून बावीस मुलं, त्यांत विल्मा विसावी. न्यूमोनिया झाला, अंगावर लाल पुरळ उठणारा ताप झाला आणि चार-पाच वर्षांची असताना पोलिओनं गाठलं. डावा पाय गेला. पोलिओची लस अमेरिकेत सर्वांसाठी आली ती १९५५ साली. तोवर विल्मा पंधरा वर्षांची झाली होती.

माझ्या वयाच्या माणसांना इथं फार समजावून सांगावं लागणार नाही. सत्तरच्या दशकात आमच्या मोहल्ल्यात गल्लीगणिक एखादं मूल पायाला कॅलिपर लावून फिरताना दिसायचं. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि चालताना होणारा तो खटक खटक आवाज. आपला देश पोलिओमुक्त जाहीर व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं. त्यामुळे विल्माच्या पायातलं ते लोखंड मला परदेशातलं वाटत नाही.

आता बस. क्लार्क्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांना मिळणारे उपचार तुटपुंजे होते. पोलिओ झालेल्या मुलीसाठी तर जवळजवळ काहीच नव्हतं. पन्नास मैलांवर, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नॅशव्हिल शहरात मेहॅरी मेडिकल कॉलेज होतं. कृष्णवर्णीय डॉक्टर घडवण्यासाठी १८७६ साली निघालेली ही संस्था, कारण दक्षिणेतली गोऱ्यांची कॉलेजं त्यांना दार उघडत नव्हती. ब्लांश आठवड्यातून एकदा मुलीला घेऊन तिथं जायची. जाताना ऐंशी, येताना ऐंशी. असं सुमारे दोन वर्षं चाललं.

बसमध्ये बसायचं मागे. पुढची जागा गोऱ्यांची. हा नुसता रिवाज नव्हता, दक्षिणेतल्या राज्यांनी तसे कायदेच करून ठेवले होते. पाणपोई वेगळी, प्रतीक्षागृह वेगळं, संडास वेगळा. कोणी कुठलं पाणी प्यावं यावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं ते आपण वाचलं आहे. पाय लुळा पडलेली पाच-सहा वर्षांची मुलगी, तिला कडेवर घेतलेली आई आणि मागचा बाक. विल्मानं जगाकडे पहिल्यांदा पाहिलं ते तिथून.

मेहॅरीतल्या डॉक्टरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी ब्लांशला पायाचं मालिश शिकवलं. ब्लांशनं ते मोठ्या मुलांना शिकवलं. मग दिवसातून चार वेळा, रोज, घरातलं कोणी ना कोणी विल्माचा पाय चोळत बसायचं. जिद्दीच्या गोष्टीत हे हात कुणाला दिसत नाहीत. बावीस मुलांच्या घरात, आई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबत असताना, एका पायासाठी रोज चार वेळा वेळ काढणं याला काय म्हणायचं? मुलीची जिद्द होतीच, ती कोण नाकारतो? पण जिद्दीला आधी रक्ताभिसरण लागतं आणि ते या हातांनी दिलं.

बारा वर्षांची होईतो पायातलं लोढणं पुरतं सुटलं होतं. पुढची काही वर्षं झरझर गेली. बर्ट हायस्कूल या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत ती बास्केटबॉल खेळू लागली. मैदानभर भिरभिरणाऱ्या या पोरीला तिचे प्रशिक्षक ‘स्कीटर’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत मच्छर. एका सामन्यात पंचाच्या शिट्टीनिशी उभ्या असलेल्या एका माणसानं तिची उंची आणि पायांची फेक पाहिली. त्यांचं नाव एड टेंपल.

या टेंपल सरांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात ते समाजशास्त्र शिकवत आणि मुलींच्या धावण्याच्या संघाला तयार करत. संघाचं नाव ‘टायगरबेल्स’. पैसा जवळजवळ नाही. मैदानावरची धावपट्टी अर्धवट, तिच्यावरच्या रेषा सर स्वतः आखत. खेळाडू म्हणून मुलींना शिष्यवृत्ती नव्हती. रोज दोन तास विद्यापीठात कुठं ना कुठं काम करून त्या शिक्षणाचा खर्च भागवत. स्पर्धेला जायचं तर मोटारीत दाटीवाटीनं बसून, डबे बरोबर घेऊन. वाटेवरच्या हॉटेलात त्यांना कोणी वाढत नसे आणि पेट्रोल पंपावरचा संडास वापरू देत नसे. मोटार शेताकडेला थांबायची. अशा संघातून टेंपल सरांनी १९५० ते १९९४ या काळात चाळीस ऑलिंपिक खेळाडू घडवल्या आणि त्यांनी तेवीस पदकं आणली. खेळाचं नियोजन या विषयावर आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलात परिसंवाद भरतात. तिथं हा आकडा एकदा फळ्यावर लिहून ठेवावा.

शाळकरी विल्मा अलाबामातल्या टस्कीगी इथल्या एका मोठ्या स्पर्धेला गेली आणि एकही शर्यत जिंकली नाही. गावातली सगळ्यांत वेगवान मुलगी सगळ्यांच्या मागे राहिली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ती टेंपल सरांच्या शिबिरात दाखल झाली. तिथं रोज मैलोगणती धावणं होतं आणि बॅटन देण्या-घेण्याचा सराव होता. पळायचं कसं हे शिकावं लागतं, पाय लांब असून भागत नाही, हे तिला तिथं उमगलं. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात ती निवडली गेली. वय सोळा, संघातली सगळ्यांत लहान. २०० मीटरमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झाली. पण ४ बाय १०० मीटर रिलेमध्ये मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, इसाबेल डॅनियल्स आणि विल्मा या चौघींनी कांस्यपदक मिळवलं. चौघीही टेंपल सरांच्याच. ते पदक शाळेत सगळ्या मुलांच्या हातून फिरलं, सगळ्यांच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले. विल्मानं ते पुसून चकचकीत करायचा प्रयत्न केला तर ते काही चमकेना. सोनं चमकतं, कांसं चमकत नाही, एवढं तिनं मनाशी नोंदवून ठेवलं.

यानंतरचा भाग कॅलेंडरवाले गाळतात. १९५८ साली, शाळेच्या शेवटच्या वर्षी विल्माला दिवस गेले आणि जुलैमध्ये तिला मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळात, त्या गावात, अठरा वर्षांच्या गरीब कृष्णवर्णीय मुलीची कहाणी बहुधा इथंच संपत असे. टेंपल सरांचा कडक नियम होता की आई झालेली मुलगी संघात नको. विल्मासाठी त्यांनी तो मोडला. बाळाला घरच्यांनी सांभाळलं आणि त्याच वर्षी विल्मा टेनेसी स्टेटमध्ये शिकायला गेली. पोलिओशी झुंज देणारी मुलगी आपल्याला आदर्श म्हणून चालते, कुमारी माता चालत नाही. पण रोममध्ये धावली ती दोन वर्षांच्या लेकीची आई होती.

१९६० साल उजाडलं. फेब्रुवारीपासून नॅशव्हिलमध्ये वेगळंच काही सुरू झालं होतं. दुकानांमधल्या जेवणाच्या काउंटरवर कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसत. त्यांना काही वाढलं जात नसे. ते शांतपणे बसून राहत, मार खात, अटक करून घेत. त्यांत विल्माच्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते, मेहॅरीचेही होते. गांधीजींचा सत्याग्रह ही मुलं कार्यशाळा घेऊन शिकली होती. १९ एप्रिलला पहाटे या विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. घर मेहॅरीच्या समोरच होतं. स्फोटानं मेहॅरीच्या शंभराहून अधिक खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोकांनी मोर्चा काढला आणि १० मे रोजी नॅशव्हिलच्या काही दुकानांनी आपले काउंटर सर्वांना खुले केले. विल्माचा पाय जिथं सावरला त्या इमारतीच्या काचा फुटल्या आणि चार-पाच महिन्यांत ती त्या पायावर रोममध्ये उभी होती. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

आता रोम. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी गवतातल्या एका खड्ड्यात तिचा पाय पडला आणि घोटा मुरगळला. तो बांधून ती धावली. उंची पाच फूट अकरा इंच. सुरुवात तिला कधीच फार चपळ जमली नाही. एवढी लांब काया वाकून उठायची म्हणजे वेळ लागणारच. पण एकदा का सरळ झाली की पुढच्या साठ मीटरांत बाकीच्या जणू चालत आहेत असं वाटायचं. दोन शर्यतींच्या मध्ये ती चक्क झोप काढायची. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत ११.३ सेकंद, जागतिक विक्रमाशी बरोबरी. २ सप्टेंबरच्या अंतिम फेरीत ११ सेकंद. पण मागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या मर्यादेपलीकडे गेला होता, म्हणून विक्रम नोंदला गेला नाही. ५ सप्टेंबरला २०० मीटर, समोरून वारा, २४ सेकंद, दुसरं सुवर्ण. त्याच दिवशी रोममध्ये मुष्टियुद्धाचं सुवर्ण जिंकलं अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेनं, जो पुढे मोहम्मद अली झाला.

दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं हुकलं. आपल्याकडे रोम म्हटलं की अजूनही ती हळहळ आठवते आणि ते साहजिकच आहे. पण त्याच मैदानावर, त्याच आठवड्यात, ही दुसरी शर्यत चालली होती.

उरली रिले. चौघीही टायगरबेल्स होत्या, मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि शेवटी विल्मा. उपांत्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम शर्यतीत बार्बराच्या हातून बॅटन घेताना गफलत झाली, विल्मा जवळजवळ थांबलीच, जर्मनीची धावपटू पुढे निघून गेली. उरलेल्या मीटरांत विल्मानं तिला गाठलं आणि मागे टाकलं. ४४.५ सेकंद. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदकं मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. हे ऑलिंपिक युरोपात अनेक देशांत टीव्हीवर थेट दिसत होतं, त्यामुळे तिचा चेहराही घरोघर पोहोचला. इटलीच्या वृत्तपत्रांनी तिला ‘काळी हरिणी’ म्हटलं. उपमा गौरवाचीच, पण कवी म्हणून मला खटकते. गोऱ्या खेळाडूला कुणी ‘गोरी हरिणी’ म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

नंतर युरोपभर दौरा झाला. कोलोनमध्ये गर्दी आवरायला घोडेस्वार पोलीस आणावे लागले. बर्लिनमध्ये चाहत्यांनी तिचे बूटच पळवले. आणि मग ती घरी निघाली.

टेनेसीचे तेव्हाचे गव्हर्नर ब्युफर्ड एलिंग्टन यांनी काळे-गोरे वेगळेच राहावेत हे आपलं मत निवडणुकीत उघडपणे मांडलं होतं. क्लार्क्सव्हिलमध्ये स्वागताचा बेत शिजत होता तो गावाच्या रिवाजानुसार, म्हणजे दोन्ही समाजांना वेगवेगळं ठेवूनच. विल्मानं निरोप दिला की असं असेल तर मी येणार नाही. वीस वर्षांची मुलगी. घर गरीब, लेक दोन वर्षांची, विद्यापीठ सरकारी. तिच्याकडे हट्ट धरण्यासारखं होतं ते फक्त ‘नाही’ म्हणणं. पाहुणीच नाही म्हणाली तर मिरवणूक कुणाची काढणार? गावानं मान तुकवली. ४ ऑक्टोबर १९६० रोजी क्लार्क्सव्हिलच्या रस्त्यावरून उघड्या मोटारीत बसून विल्मा निघाली, तेव्हा दोन्ही बाजूंना काळे आणि गोरे एकत्र उभे होते. संध्याकाळी मेजवानीला हजाराहून अधिक माणसं एकाच छपराखाली जेवली. गावाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. एका गोऱ्या न्यायाधीशानं तिथं भाषणात पियानोचा दाखला दिला. चांगलं संगीत हवं असेल तर काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही पट्ट्या वाजवाव्या लागतात, अशा अर्थाचं ते बोलले.

दाखला सुंदर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? हॉटेलांची दारं पूर्वीसारखीच होती. शाळा वेगळ्याच होत्या. एका दिवसासाठी गाव एक झालं आणि पुन्हा आपापल्या जागी गेलं.

विल्मा पुढे दोन वर्षं धावली. १९६१ मध्ये श्टुटगार्टला १०० मीटर ११.२ सेकंदांत धावून तिनं नवा विक्रम केला. ज्या नामांकित स्पर्धांमध्ये तोवर फक्त पुरुष धावत, तिथं तिला बोलावणी आली आणि तिच्यामागून बाकीच्या मुलींना वाट मिळाली. १९६२ च्या जुलैमध्ये स्टॅनफर्डला रशियाविरुद्धच्या लढतीत १०० मीटर आणि रिले जिंकून तिनं धावणं थांबवलं. वय बावीस. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक दोन वर्षांवर होतं. लोकांनी विचारलं, का? रोमपेक्षा कमी काही मिळवण्यात तिला रस नव्हता. शिवाय पोट होतं. त्या काळी ऑलिंपिक खेळाडू हौशीच असला पाहिजे असा दंडक होता. धावण्याचे पैसे घेतले की बाद. जगातली सगळ्यांत वेगवान बाई म्हणून टाळ्या भरपूर मिळायच्या, टाळ्यांवर घर चालत नाही.

१९६३ च्या मे महिन्यात तिला शिक्षणशास्त्राची पदवी मिळाली. त्याच महिन्यात क्लार्क्सव्हिलमधल्या एका गोऱ्यांपुरत्या रेस्टॉरंटसमोर कृष्णवर्णीयांची निदर्शनं झाली. विल्मा त्यांत होती. तिलाही आत घेतलं नाही. श्रोतेहो, हीच ती मुलगी, जिच्या मिरवणुकीत तीन वर्षांपूर्वी सारं गाव रस्त्यावर उतरलं होतं आणि जिच्या मेजवानीत दोन्ही पट्ट्या वाजल्या होत्या. फरक इतकाच की मेजवानीला ती पाहुणी होती आणि इथं तिला आपल्या पैशानं जेवायचं होतं. निदर्शनांनंतर थोड्याच दिवसांत महापौरांनी गावातली सार्वजनिक ठिकाणं आणि हॉटेलं सर्वांना खुली होतील असं जाहीर केलं. देशभरासाठी तसा कायदा व्हायला १९६४ साल यावं लागलं.

पुढच्या तीस वर्षांबद्दल लांबण लावत नाही. ती स्वतः शिकली होती त्याच प्राथमिक शाळेत तिनं शिकवलं, बर्ट हायस्कूलच्या मुलींना धावायला शिकवलं. मग नोकऱ्या आणि गावं बदलत राहिली. लग्नं झाली, मोडली, चार मुलं वाढवली. १९७७ मध्ये आत्मचरित्र आलं, त्यावर टीव्हीसाठी चित्रपटही निघाला. ऐंशीच्या दशकात मुलांना खेळाकडे आणण्यासाठी तिनं स्वतःच्या नावानं संस्था काढली. १९८८ मध्ये फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनरनं सोलमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली तेव्हा विल्माच्या विक्रमाला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

१९९४ मध्ये आई ब्लांश गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत विल्माला मेंदूचा कर्करोग असल्याचं निघालं आणि १२ नोव्हेंबरला तीही गेली. वय चोपन्न. टेंपल सर मात्र दीर्घायुषी निघाले. २०१५ मध्ये नॅशव्हिलमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, तो त्यांनी स्वतः पाहिला. २०१६ मध्ये ते वारले.

विल्मा गेली त्याच वर्षी क्लार्क्सव्हिलमधून जाणाऱ्या ७९ क्रमांकाच्या महामार्गाच्या एका टप्प्याला तिचं नाव देण्यात आलं. ती जन्मली त्या सेंट बेथलेहेम भागातूनच तो रस्ता जातो. आज त्याच्या दोन्ही बाजूंना मॉल आहे, मोटारींची दुकानं आहेत आणि एकामागून एक रेस्टॉरंटं आहेत.